वैजयंता बिरुदेव मासाळ, हजर

"वैजयंता बिरुदेव मासाळ. हजर."

फुंकणीने असं जाहीर केलं आणि पंपावरची माणसं पोट धरून हसायला लागली. कारण नळीला तोंड लावून उभा होता तो टँकरचा ड्रायव्हर धनपाल मगदूम. सहा फुटी गडी, झुपकेदार मिशा, आवाज असा की टँकरला हॉर्नची गरज नाही. त्याने दचकून नळी सोडली, पुन्हा धरली, पुन्हा फुंकर मारली. यंत्रातल्या बाईने त्याच गोड आवाजात त्याला पुन्हा वैजयंता बिरुदेव मासाळ करून टाकलं आणि फाटकाचा दांडा वर उचलला.

"बिरूभाऊ, दुसरी कधी केली? आमाला जेवण न्हाई, काय न्हाई!" हवा भरणारा इस्माईल ओरडला.

"आन केली ती मिशीची केली!" दुसऱ्या कुणीतरी भर घातली.

हसला नाही तो एकटा बिरुदेव मासाळ. तो या पंपाचा सुपरवायझर. वैजयंता त्याची लग्नाची बायको, याच पंपावर कामाला. ती चार्जिंगच्या बाजूला उभी होती आणि तोंडाला ओढणी लावून हसत होती. बाकीच्यांचं हसणं बिरुदेवने सहन केलं असतं. तिचं मात्र त्याच्या वर्मी लागलं.

सांगोल्याकडून मिरजेला जाणाऱ्या हमरस्त्यावरचा हा पंप. पेट्रोल आता संपणार, आता संपणार असं ऐकत एक पिढी म्हातारी झाली, पण पेट्रोल काही संपलं नाही. मोठ्या गाड्या विजेवर गेल्या, त्यांच्यासाठी अर्ध्या पंपावर चार्जिंगचे खांब उभे राहिले. खेड्यापाड्यांतल्या जुन्या मोटरसायकली मात्र पेट्रोलच पीत राहिल्या. आणि मोटरसायकलवाला म्हणजे राउंड फिगरचा भक्त. नोझल खटकन बंद झालं, टाकी भरली, तरी तो म्हणणार, "टाका की अजून थोडं, राउंड फिगर करा." मग भरणाऱ्याने टाकीच्या तोंडावर वाकायचं, आत डोळा लावायचा आणि थेंब थेंब सोडायचं. त्या वेळी टाकीतली वाफ जाते कुठे? सरळ वाकलेल्याच्या नाकात. बिरुदेव सुपरवायझर होण्याआधी सगळी जवानी त्या दुचाकीच्या लाइनीत वाकून उभा होता.

ही वाफ साधी नव्हे. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं आणि त्याचे आणखी चुलतभाऊ. श्वासनळीला आतून पेशींचं मऊ अस्तर असतं, ते या वाफेने वर्षानुवर्षं भाजत राहतं. पूर्वी याचा हिशेब कुणी ठेवत नसे. मग कुणा संशोधकांच्या लक्षात आलं की हे अस्तर जिवंत असताना स्वतःही काही सूक्ष्म वायू सोडत असतं, आणि त्या वायूंचं मिश्रण माणसागणिक वेगळं असतं, बोटांच्या ठशासारखं. त्यावरून यंत्र निघालं. नळीत फुंकलं की ते माणूस ओळखतं आणि त्याच्या छातीत वाफ किती साठली तेही सांगतं. दिवसाची मात्रा ओलांडली की त्या माणसाला पेट्रोलच्या फाटकातून आत सोडत नाही, मग तो नोकर असो की टँकर घेऊन आलेला ड्रायव्हर. ड्रायव्हरांना फुंकायची सक्ती मात्र आजपासूनच सुरू झाली होती. कंपनीने यंत्राला भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं. पंपावर पहिल्याच दिवशी त्याची फुंकणी झाली.

आता एका फुंकणीला दोन माणसं एक कशी वाटली? त्याचं उत्तर बिरुदेवला ठाऊक होतं, म्हणून तर तो हसला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी बिरुदेवला चार पायऱ्या चढवत नव्हत्या. भाकरीचा घास गिळायचा तर मध्ये थांबून दम घ्यावा लागे. तेव्हा पेशीलावण नुकतीच निघाली होती. निरोगी माणसाच्या श्वासनळीतून बारीक नळीने चिमूटभर मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या, मग आजाऱ्याचं भाजलेलं अस्तर खरवडून त्या जागी फवारायच्या. शेतात रोप लावल्यासारखंच ते. रोप धरलं की नवं अस्तर उगवतं आणि माणूस पुन्हा मोकळा श्वास घेतो. अडचण एकच, कुणाच्याही पेशी कुणालाही चालत नाहीत. वैजयंताच्या पेशी बिरुदेवला चालल्या नाहीत. तरी तिने त्या बँकेला दिल्या आणि बँकेने बिरुदेवला जुळणाऱ्या शोधून दिल्या. बिरुदेवच्या डोक्यात हे रक्तपेढीसारखं बसलं होतं, बाटली द्या नि बाटली न्या. तो बरा झाला, त्याचा श्वास बदलला म्हणून फुंकणीवर त्याची नव्याने नोंद झाली आणि विषय संपला. आपल्या छातीत कुणाचं रोप आहे हे त्याने कधी विचारलं नाही.

पण बायकोचं रोप कुणाच्या छातीत डोलतंय, हे आज फुंकणीने भर चौकात सांगितलं होतं. आणि ते लावलंय कुणात, तर बायको वारलेल्या, दिसायला देखण्या, बोलायला गोड माणसात. बिरुदेवच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्याने विचारलं, "तुला म्हाईत हुतं?"

वैजयंता भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "हुतं की."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी कधी इचारलं?"

"मी इचारायचं? माझ्या बायकूचा श्वास गावभर हिंडतुय, आन मी इचारायचं?"

"गावभर कुठं? एका माणसात हाय. ऐका तरी, त्याची बायकू त्रिशला—"

"त्याच्या बायकूचं नाव काढू नगंस! मेलेल्या बाईच्या पदराआड लपू नगं." आणि बिरुदेव ताट वाढायच्या आधीच उठून बाहेर गेला. ऐकून घेतलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ज्याच्या कानात संशय शिरला, त्याच्या कानात दुसरं काही शिरायला जागा नसते.

मग सुरू झाली पाळत. धनपालचा टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येई. पूर्वी या मार्गावर दुसरा ड्रायव्हर होता, वर्षभरापूर्वी धनपालने स्वतः मागून हा मार्ग घेतला, असं इस्माईलने सहज सांगितलं. झालं! बिरुदेवला आणखी पुरावा कशाला हवा? टँकर रिकामा झाला की बाकीचे ड्रायव्हर पळतात. हा पठ्ठ्या चहा घेऊन बिरुदेवच्या केबिनच्या पायरीवर बसून राही. वैजयंता तिथून दिसते म्हणून बसतो, हे बिरुदेवने ओळखलं. पूर्वी तो तिला वहिनी म्हणे, आता ताई म्हणायला लागला होता आणि बिरुदेवला दाजी. चोर नेहमी नात्याची चादर पांघरून येतो, असं बिरुदेवचं मत होतं.

"काय दाजी, खोकला न्हाई न्हवं आता? झोप लागतीया?" धनपाल विचारी.

"लागतीया."

"जपा हां. मास्क लावत जावा की. त्या लाइनीकडं फिरकू नगासा."

हा माझ्या मरणाची वाट बघतोय, बिरुदेवच्या मनात येई. रोज चौकशी करतोय ती कशासाठी, जागा कधी रिकामी होतेय ते बघायला! एकदा धनपालने काकवीची बरणी आणली. "घरची हाय, छातीला चांगली असती," म्हणाला. बिरुदेवने ती गटारात ओतली आणि बरणी धुऊन परत दिली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी वैजयंता जरा पडायची. तिचा श्वास संथ, एका लयीत चाले. पूर्वी त्या आवाजाने बिरुदेवलाही डुलकी लागत असे. आता तो शेजारी बसून ऐकत राही आणि याच वेळी, अगदी असाच श्वास मिरजेकडच्या कुठल्याशा घरात दुसऱ्या पुरुषाच्या नाकातून ये-जा करतोय, या विचाराने त्याचा जीव जळे. बायको कुणाशी बोलली, कुणाकडे बघून हसली तर नवऱ्याला जाब विचारता येतो. श्वासाला काय विचारणार?

फुंकणीतला घोटाळा कंपनीला कळवला होता. दुरुस्ती पुढच्या खेपेला येईल, तोवर दोघांचा श्वास एकच धरला जाईल, असं उत्तर आलं. एक श्वास म्हणजे एकच मात्रा. वैजयंताच्या छातीत वाफ गेली की ती धनपालच्याही खात्यावर चढणार. हे वाचताना बिरुदेवच्या डोक्यात जे आलं ते चांगल्या माणसाच्या डोक्यात येत नाही. आणि बिरुदेव काही वाईट माणूस नव्हता, हीच तर मोठी भीतीची गोष्ट आहे.

कुणी कुठल्या लाइनीला उभं राहायचं हे सुपरवायझर ठरवतो. पुढच्या मंगळवारी सकाळी त्याने वैजयंताला चार्जिंगवरून काढून दुचाकीच्या लाइनीला लावलं.

"आज हितं?" तिने विचारलं.

"माणसं कमी हायती."

ती गेली. टाकीवर वाकली, डोळा लावला, राउंड फिगरचे थेंब सोडत राहिली. बाजाराचा दिवस, मोटरसायकलींची रांग रस्त्यापर्यंत. दुपारी ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल झाले होते. थोड्या वेळाने टँकर आला. धनपालने नळीत फुंकलं.

"वैजयंता बिरुदेव मासाळ. मात्रा पूर्ण. प्रवेश नाही."

"ह्ये काय आता?" धनपाल कावराबावरा झाला. तो फाटकाबाहेर ताटकळत राहिला. टँकर रिकामा करायला दुसऱ्या पंपावरून ड्रायव्हर बोलवावा लागला. बिरुदेवने त्या दिवशी केबिनमध्ये बसून दोन कप चहा घेतला आणि इस्माईललाही पाजला.

शुक्रवारी तेच. पुढच्या मंगळवारी तेच. असं काही आठवडे चाललं. टँकर खोळंबतो म्हणून मालक ओरडले, आणि धनपालचा मार्गच काढून घेतला गेला. जाताना तो फाटकाच्या दांड्यावर हात ठेवून आत बघत उभा होता. बिरुदेवला वाटलं, वैजयंताकडे बघतोय. त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

शत्रू गेला. पण वैजयंताला खोकला लागला. आधी सकाळचा, मग भाकरी थापताना, मग बोलता बोलता. तो कोरडा खोकला बिरुदेवच्या ओळखीचा होता, कारण तो त्याचाच होता. दोन वर्षांपूर्वी तो असाच सुरू झाला होता.

"डाक्टरकडं जाऊया," तो म्हणाला.

"जाऊन आले." वैजयंताने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "डाक्टर म्हणले, अजून वरवर हाय, वाफ बंद केली तर भरून यील. मग म्हणले, तुमची मात्रा मंगळवार-शुक्रवारीच कशी चढती? मी म्हणलं, माझ्या मालकांना इचारून सांगते."

बिरुदेवने तो तांब्या उगीच उचलून परत ठेवला.

"मी येडी न्हाई. पयल्या शुक्रवारीच कळलं मला. म्हणलं बघूया, हा माणूस कुठवर जातुय. माझी छाती जळंस्तवर जातुय का, मधी थांबतुय. तुमी थांबला न्हाईसा."

"तो तुझ्यापायी यायचा, वैजंता! मार्ग मागून घेतला त्यानं. तासतासभर बसायचा. तुझा श्वास त्याच्या छातीत, आन वरनं दाजी म्हणतुय मला—"

"माझ्यापायी?" ती हसायला गेली आणि खोकली. खोकला थांबेपर्यंत बिरुदेवला तिच्याकडे बघवेना. मग ती म्हणाली, "तुमच्या छातीत कुणाचं रोप हाय?"

"बँकेचं."

"बँकेला छाती असती व्हय? बँक त्याला अदलाबदल म्हणती, आपल्यात साटंलोटं म्हणत्यात. माझ्या पेशी तुमाला चालंनात, त्रिशलाच्या धनपालला चालंनात. माझ्या त्याला चालल्या, तिच्या तुमाला. शेजारी शेजारी खाटा हुत्या आमच्या. दोघी पोट धरून हसलो, म्हणलं, बाप्यांना कळलं तर दोघंबी नळी उपसून पळतील. तिनं तिच्या माणसाला सांगितलं. तो म्हणला, बरं झालं, एक बहीण मिळाली. मी तुमाला सांगितलं न्हाई. का न्हाई, ते आता तुमीच सांगा."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं आपण लोकांना म्हणतो. बिरुदेवने तर स्वतःचं स्वतःपासूनच झाकून ठेवलं होतं.

"सहा महिन्यांत ती साप चावून गेली," वैजयंता सावकाश म्हणाली. "रानात वैरण काढायला गेलेली. जाळली तिला. काय राह्यलं मागं? तुमच्यात राह्यलंय तेवढंच. म्हणून मागून घेतला त्यानं ह्यो मार्ग. तुमच्या पायरीवर बसायचा, आन तुमाला वाटायचं, माझ्याकडं बघतुय."

बिरुदेवने नकळत छातीवर हात ठेवला. लगेच काढला, जणू तो हात तिथे ठेवायचा त्याला हक्क नव्हता.

"माझ्या मनात हुतं, उद्यापास्नं तुमालाच दुचाकीच्या लाइनीला उभं करावं," ती म्हणाली. "म्हणलं कळूदे. पण तुमच्यात त्रिशला हाय. तिला कशापायी धूर देऊ?"

तिने भांडण केलं असतं, माहेरी गेली असती, तर बिरुदेवला ते सोपं गेलं असतं. तिने भाकरी वाढली, खोकत खोकत, आणि स्वतःचं ताट घेऊन ओसरीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बिरुदेव मिरजेच्या गाडीत बसला. धनपालचं घर मिरजेच्या अलीकडे, उसाच्या फडांमध्ये, दोन खोल्यांचं. तो अंगणात टायरचे वॉशर कापत बसला होता. मार्ग गेल्यापासून टँकरच्या कंपनीने त्याला गॅरेजवर टाकलं होतं. बिरुदेवला बघून तो ताडकन उठला. शिव्या देईल, अंगावर येईल, असं बिरुदेवला वाटलं, नव्हे, त्याला तसंच हवं होतं.

"आवो, उन्हातनं चालत आलासा? दम लागलाय तुमाला. बसा, बसा आदी." धनपालने खाट ओढली, पाणी आणलं. पण बिरुदेव पाणी पीत होता तेव्हा तो त्याच्या तोंडाकडे नाही, छातीकडे बघत होता. ती वर-खाली होत होती.

बिरुदेवने सगळं सांगितलं. लाइन, मात्रा, पडदा, गटारात ओतलेली काकवी. कुठेही स्वतःला वाचवलं नाही. धनपाल ऐकत राहिला.

"ताईला खोकला लागलाय?" त्याने एवढंच विचारलं.

"लागलाय. भरून यील म्हणत्यात. चार्जिंगवर कायमची लावली तिला."

"मग ठीक." धनपालने मिशीवरून हात फिरवला. "तुमच्यावर रागावणार हुतो मी. आत्ता तुमी फाटकातनं आलासा तवा अंगाची आगच झाली. पण राग तुमी केलं त्याचा न्हवता, दाजी. खरं सांगू? म्या जळतो तुमच्यावर. वरीसभर जळतुय. मंगळवार आला की दाढी करून यायचो. का, तर माझ्या बायकूच्या शेजारी घटकाभर बसायचंय. आन बसायचं कुठं, तर दुसऱ्याच्या पायरीवर. तुमी खोकला की जीव खाली-वर व्हायचा. तुमी हसला की वाटायचं, ह्यो कोण हसतुय तिच्या श्वासावर? तुमाला त्याचं कायसुदिक न्हाई, आन मी निसता इचारतुय, बरं हाय न्हवं, बरं हाय न्हवं. माझ्याच माणसाची खुशाली दुसऱ्याला इचारायची. लई वंगाळ असतंय ते."

दुसरा कुणी असता तर त्याने समजूत घातली असती, वेड्यासारखं काय बोलता म्हणाला असता. पण या जळत्या घराची खोली न खोली बिरुदेवच्या पायाखालची होती. आत शिरलेल्या माणसाला बाहेरून काही ऐकू येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

"मंगळवारी या," तो शेवटी म्हणाला. "टँकर नसला तरी या."

धनपालने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. तो खाटेच्या कडेला, जरा अंतर ठेवून बसला आणि डोळे मिटले.

बिरुदेवला खूप बोलायचं होतं, माफी मागायची होती. पण शेजारचा माणूस कान देऊन बसला होता. म्हणून तो काहीच बोलला नाही. सावकाश, जपून, नुसता श्वास घेत राहिला.